चार यंत्रं, चार जागा: एका म्युझिक सिस्टिमचं प्रकरण

ताईचा फोन आला तोवर निर्णय जवळपास झालेला होता. भाऊजींनी घरातली सगळी म्युझिक सिस्टिम विकायला काढली होती आणि तिच्या जागी एक छोटा वायरलेस स्पीकर यायचा होता. "विकायची ती विका, पण आधी तू एकदा बघून जा," एवढंच तिचं म्हणणं. मी या धंद्यातला नाही. जुनी यंत्रं उघडायची हौस आहे, मल्टिमीटर (विजेची मोजमापं घेणारा मीटर) आहे आणि बऱ्यापैकी चिकाटी आहे. पुढे जे लिहितो आहे ते तीन रविवारांत घडलं. मधे माझ्याकडूनही एक घोळ झाला, तोही लिहितो.

सिस्टिम तीन पिढ्यांत जमलेली. मूळ संसार ताईच्या सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा: एफएम असलेला रिसीव्हर (सगळ्या यंत्रांचा आवाज घेऊन, वाढवून स्पीकरला देणारा), टर्नटेबल म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, कॅसेट डेक आणि दोन मोठे स्पीकर, खालच्या स्वरांना वूफर आणि वरच्या स्वरांना ट्विटर असलेले. भाऊजींनी पुढे सीडी प्लेअर आणला. भाचीने अलीकडे एक डॅक जोडला. डॅक म्हणजे फोनमधला किंवा कॉम्प्युटरमधला डिजिटल आवाज रिसीव्हरला कळेल अशा रूपात बदलून देणारी डबी. अण्णा गेल्याला काही वर्षं झाली. आठ महिन्यांपूर्वी घर बदललं, आणि तक्रारी सुरू झाल्या त्या तिथून.

तक्रार मी प्रत्येकाकडून वेगवेगळी ऐकून घेतली. भाऊजींच्या मते रेकॉर्डचा आवाज अगदी क्षीण आणि पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, बेसचा पत्ताच नाही. कॅसेट लावली तर माणूस गोधडीत तोंड खुपसून बोलतोय असं वाटतं. सीडी बरी, पण "काहीतरी हरवलंय". ताईला फक्त एक सांगायचं होतं: कधीकधी काहीच वाजत नाही, सगळे दिवे लागलेले असतात आणि खोलीत शांतता. भाचीची तक्रार नव्हती. तिचं फोनवरचं संगीत छान वाजत होतं, नेहमीपेक्षा जरा जास्तच जोरात.

भाऊजींनी यातून काढलेला निष्कर्ष सोपा होता. वस्तू जुन्या झाल्या, त्यांचं आयुष्य संपलं.

मला तो पटला नाही. यंत्रं म्हातारी होतात हे खरं. रबरी पट्टे सैल पडतात, कपॅसिटर सुकतात, खटक्यांवर गंज चढतो. पण प्रत्येक यंत्र आपापल्या वेळेला म्हातारं होतं. टर्नटेबल, डेक आणि सीडी प्लेअर एकाच महिन्यात बिघडत नसतात. बिघडलेच, तर दोष बहुधा त्यांचा नसून सगळ्यांचा आवाज ज्यातून जातो त्या सामाईक रस्त्याचा असतो, किंवा त्या रस्त्यावर कुणीतरी हात फिरवलेला असतो. इथे तर तारीखही माहीत होती: घर बदललं तो दिवस.

रिसीव्हरच्या पाठीमागे

कशालाही हात लावायच्या आधी मी रिसीव्हर पुढे ओढून त्याच्या पाठीचा फोटो काढला. ही सवय लावून घ्यावी. तारा एकदा निघाल्या की आधी काय होतं हे कुणालाच आठवत नाही, आणि प्रत्येकजण छातीठोकपणे वेगळं सांगतो.

पाठीवर आवाज आत घ्यायच्या चार जागा होत्या. फोनो (टर्नटेबलसाठी), सीडी, ऑक्स (कुठल्याही जादा यंत्रासाठी) आणि टेप. यंत्रंही चारच. म्हणजे हिशेब बरोबर बसायला हवा होता. प्रत्यक्षात टर्नटेबलची पिन सीडीच्या सॉकेटात होती. त्यामुळे सीडी प्लेअर सरकून ऑक्सवर गेला होता. त्यामुळे भाचीला डॅकसाठी एकच जागा दिसली, टेपची. आणि कॅसेट डेक बेघर. कॅसेट ऐकायची झाली की मागे हात घालून डॅकच्या पिना उपसायच्या आणि डेकच्या लावायच्या, असा प्रकार चालला होता. फोनोची जागा मात्र रिकामी. एक जागा रिकामी राहिली म्हणून उरलेल्या तिघींवर चौघांची ओढाताण.

ही सॉकेटं दिसायला सारखी असली तरी त्यांना एकमेकांच्या जागी वापरता येत नाही, आणि याचं कारण इतिहासात आहे. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची एलपी रेकॉर्ड १९४८ सालची. फिलिप्सची कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ची. सीडी १९८२ची. प्रत्येक प्रकार आपापल्या काळाच्या अडचणींवर तोड काढत जन्माला आला आणि प्रत्येकाचे नियम निराळे. आपण याला एक सिस्टिम म्हणतो खरं, पण तो वेगवेगळ्या काळांतल्या माणसांनी एका छपराखाली थाटलेला संसार आहे.

रेकॉर्डचं उदाहरण घ्या. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या डबीतून, निघणारा सिग्नल साधारण ५ मिलिव्होल्टचा. सीडी प्लेअर देतो तो २ व्होल्टपर्यंत. म्हणजे चारशे पटींचा फरक. शिवाय रेकॉर्ड कापताना बेस मुद्दाम कमी करतात, नाहीतर खाच इतकी रुंद हेलकावे खाईल की एका बाजूवर फार थोडं संगीत मावेल. आणि वरचे तीव्र स्वर मुद्दाम वाढवतात, म्हणजे वाजवताना ते कमी करता करता खरखरही कमी होते. हे किती कमी-जास्त करायचं याचं प्रमाण १९५४मध्ये ठरलं, त्याला आरआयएए कर्व्ह म्हणतात. वाजवताना याच्या बरोबर उलट करावं लागतं: २० हर्ट्‌झपाशी सुमारे २० डेसिबल वाढ, २० हजार हर्ट्‌झपाशी जवळपास तेवढीच घट. हे काम आणि त्या ५ मिलिव्होल्टला मोठं करण्याचं काम, दोन्ही फक्त फोनो सॉकेटामागचं सर्किट करतं. टर्नटेबल सीडीच्या सॉकेटात लावलं की क्षीण आणि पत्र्यासारखा आवाज येणारच. टर्नटेबल बिघडलेलं नव्हतं. ते चुकीच्या दारात उभं होतं.

मग ते तिथे कुणी आणि का नेलं? हे कळायला मला दुसरा रविवार उजाडला. आधी बाकीचं.

एफएमची शूऽऽ

ताईची "सगळे दिवे लागलेले आणि शांतता" ही तक्रार लगेच समोर आली. मी एफएम लावला. ट्यूनर रिसीव्हरच्या पोटातच असतो, त्याला बाहेरची एकही तार लागत नाही, म्हणून तपासणीची सुरुवात मी तिथून करतो. काहीच ऐकू आलं नाही. पुढच्या पट्टीवर 'टेप मॉनिटर'चं बटण आत दाबलेलं होतं आणि त्याचा छोटा लाल दिवा पेटला होता.

या बटणाने आजवर किती चांगले रिसीव्हर भंगारात पाठवले असतील कोण जाणे. त्याचं काम असं: निवडलेला आवाज व्हॉल्यूमच्या आधीच टेपच्या 'आउट' सॉकेटातून डेककडे जातो आणि डेककडून परत आलेला आवाज 'इन' सॉकेटातून घेता येतो. तीन हेडच्या डेकवर (ज्यात भरणारं आणि वाजवणारं हेड वेगळं असतं) रेकॉर्डिंग चालू असतानाच मूळ आवाज आणि टेपवर उतरलेला आवाज ताडून बघायला ही सोय. पण बटण दाबलेलं असेल तेव्हा रिसीव्हर फक्त टेप-इनचंच ऐकतो. एफएम, रेकॉर्ड, सीडी सगळं तोडून टाकतो. भाचीचा डॅक टेप-इनला असल्यामुळे तिच्या दृष्टीने "लाल दिवा लागला की गाणी लागतात" हा नियमच होता. ती ऐकून झाल्यावर बटण तसंच राही. पुढचा माणूस सीडी लावे आणि शांतता ऐके.

बटण बाहेर काढलं. स्टेशनांच्या मधली जागा शोधून तिथली शूऽऽ लावली, मोनो केलं. स्पीकर तपासायला याहून चांगला फुकटचा आवाज नाही, कारण या शूऽऽमध्ये खालपासून वरपर्यंत सगळे स्वर एकदम असतात आणि मोनोत दोन्ही स्पीकरना अगदी तेच मिळतं. बॅलन्स पूर्ण उजवीकडे: पाऊस पडावा तशी सणसणीत शूऽऽ. पूर्ण डावीकडे: तोच पाऊस, पण खिडकी लावून घेतलेली. रिसीव्हर बंद करून दोन्ही स्पीकरच्या तारा आपसात बदलल्या, परत लावला. मंदपणा तारेबरोबर गेला नाही, डाव्या स्पीकरपाशीच राहिला. म्हणजे रिसीव्हर निर्दोष.

डाव्याची जाळी काढून ट्विटरच्या तारा सोडवल्या आणि मल्टिमीटर लावला. उजव्याच्या ट्विटरने ६ ओहमच्या आसपास दाखवलं, ८ ओहमच्या ट्विटरला ते ठीक आहे. डाव्याचं वाचन अनंत. आतली बारीक तार जळून तुटली होती. (हे मोजमाप ट्विटरच्याच टोकांवर करायचं. स्पीकरच्या मागच्या टर्मिनलवर केलं तर वूफर मधे येतो, ट्विटरच्या वाटेवर कपॅसिटर असतो, आणि मीटर काहीच सांगत नाही.)

भाऊजींची खुर्ची नव्या घरात नेमकी डाव्या स्पीकरजवळ आली होती. कॅसेट गोधडीतून का बोलते, सीडीत काय हरवलं, याचं अर्धं उत्तर इथे होतं.

तुटलेली तार

ट्विटर मागवला, मेळ जुळवायला तोच नमुना लागतो, म्हणून थोडं थांबावं लागलं. दुसऱ्या रविवारी तो बसवला आणि मग सगळ्या पिना आपापल्या जागी लावल्या. टर्नटेबल फोनोवर, सीडी सीडीवर, डॅक ऑक्सवर, डेक टेपच्या इन आणि आउट दोन्हीवर. रेकॉर्ड ठेवायच्या आधीच स्पीकरमधून जाड घूंऽऽ सुरू झाली.

आणि भाऊजी म्हणाले, "हेच! हेच तर होत होतं. म्हणून तर मी ती पिन तिकडे लावली होती."

मग गोष्ट उलगडली. टर्नटेबलच्या दोन पिनांबरोबर एक तिसरी बारीक, सुटी तार असते, टोकाला काट्यासारखी पट्टी असलेली. ती रिसीव्हरच्या 'ग्राउंड' लिहिलेल्या स्क्रूला बांधायची असते. फोनोचं सर्किट मिलिव्होल्टला वाढवून दाखवतं, त्यामुळे घरातल्या विजेची ५० किंवा ६० हर्ट्‌झची लहर टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, धातूत शिरली तर तीही तेवढीच वाढवून ऐकवतं. ही तार तिला वाट करून देते. सामान हलवताना तिची पट्टी तुटली होती. उरलेला तुकडा कुणालाही कामाचा वाटला नसता. भाऊजींनी घूंऽऽ ऐकली, पिन दुसऱ्या सॉकेटात घालून पाहिली, घूंऽऽ गेली. प्रश्न सुटला असं त्यांना वाटलं यात चूक काय? फक्त घूंऽऽबरोबर संगीतही गेलं.

आता आवाज क्षीण, म्हणून व्हॉल्यूम तीन-चतुर्थांश फिरवून ऐकायचं. एका संध्याकाळी असंच ऐकून झाल्यावर नॉब तिथेच राहिला. भाची घरी आली, टेप मॉनिटर दाबलं, फोनवरचं गाणं सुरू केलं. डॅकचे पूर्ण २ व्होल्ट त्या उघड्या नॉबमधून गेले. "मामा, एकदा फाटल्यासारखा आवाज आला होता, पण मी लगेच बंद केलं," ती म्हणाली. लगेच म्हणजे तीन-चार सेकंद. अॅम्प्लिफायर त्याच्या कुवतीपलीकडे ताणला की लहरींचे माथे छाटले जातात आणि जास्तीची ऊर्जा वरच्या स्वरांत, म्हणजे ट्विटरच्या वाट्याला जाते. ट्विटरची तार केसासारखी बारीक. तीन सेकंद तिला पुष्कळ झाले.

म्हणजे एक बोटभर तार तुटली. तिच्यामुळे टर्नटेबल हललं, त्याच्यामुळे सीडी, तिच्यामुळे डॅक, त्याच्यामुळे डेक. नॉब वर गेला, ट्विटर गेला, आणि मग सगळं विकायचा निर्णय. प्रत्येकाने केलेली दुरुस्ती त्याच्यापुरती शहाणपणाचीच होती. नवी पट्टी लावून तार स्क्रूखाली आवळली. घूंऽऽ थांबली. दहा मिनिटांचं काम.

रेकॉर्डच्या बाबतीत आणखी एक बारीकसा त्रास उरला होता: आवाज वाढवला की खालून गुरगुर उठायची. सुई उचलली की थांबायची. उचलल्यावरही राहिली असती तर दोष विजेचा. सुईबरोबर थांबते म्हणजे स्पीकरचे हादरे फळीतून सुईत आणि सुईतून परत स्पीकरमध्ये असं चक्र चाललंय. नव्या घरात टर्नटेबल आणि उजवा स्पीकर एकाच रॅकवर होते. स्पीकर खाली जमिनीवर स्टँडवर आणला. सुईचा भार कार्ट्रिजला सांगितलेल्या २ ग्रॅमवर आणून ठेवला. संपलं.

अण्णांच्या संग्रहात अकरा लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही आहेत. त्या या सुईने वाजवू नयेत असं मी सांगितलं. त्यांची खाच रुंद असते, तिला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते; एलपीची सुई १८ ते २५ मायक्रॉनची, ती खाचेच्या तळाशी धुळीत घासत जाते. तबकड्या आता बाराच्या अकरा आहेत. बारावी ताईने चांगल्या हेतूने स्पिरिटने पुसली होती. एलपीच्या व्हिनाइलला अल्कोहोल सहन होतं. लाख त्यात विरघळते.

कॅसेट, आणि माझा घोळ

या घरात खरी अमोल वस्तू कॅसेटमध्येच होती. एलपी आणि सीडी छापील. हरवल्या तर कुठेतरी दुसरी प्रत असेल. अण्णांनी स्वतः भरलेल्या अडतीस कॅसेट मात्र जगात एकेकच. रेडिओवरून उतरवलेल्या मैफली, घरातल्या गप्पा, भाऊजींच्या लहानपणचं काहीबाही. म्हणून मी डेकवर सर्वात जास्त वेळ घालवला आणि तिथेच चुकलो.

आधी सरळ कामं. हेड, आणि टेप पुढे ओढणारे कॅपस्टन व पिंच रोलर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसले. कापूस तपकिरी झाला, तो टेपचा झडलेला थर. वेग तपासायला युक्ती केली: एकच अल्बम बाजारातल्या कॅसेटवरही होता आणि सीडीवरही. दोन्ही एकदम सुरू केले. दहा मिनिटांनी कॅसेट नऊ सेकंद मागे पडली, म्हणजे वेग दीड टक्का कमी. ही मोजणी ढोबळ आहे, छापील कॅसेटही तंतोतंत नसते. पण दीड टक्का कानाला कळतो. पट्टा बदलला, फरक दोन सेकंदांवर आला. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, इतक्या संथ चालीत पट्ट्याचं जरासं सैलपणही ऐकू येतं.

तरी पहिली कॅसेट मंदच वाजली. मी म्हटलं, अॅझिमथ, म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन. टेपची रुंदी सगळी ३.८१ मिलिमीटर, त्यात चार पट्ट्या, एकेक जेमतेम ०.६ मिलिमीटरची. हेडची फट टेपला अगदी काटकोनात हवी. अंशाचा थोडासा भागही कलली तर आधी वरचे स्वर जातात. हेडशेजारी त्यासाठी स्क्रू असतो. तो फिरवत गेलो, आवाज थोडा उजळला, खूश झालो. दुसरी कॅसेट लावली, ती आणखी मंद. ती बाजारातली, एकदम सुस्पष्ट असायला हवी अशी. ती पण गोधडीत. आणि स्क्रू मुळात कुठे होता याची खूण मी केलेली नव्हती. पाठीचा फोटो काढायचा उपदेश करणारा मीच.

चूक काय झाली होती ते रात्री घरी गेल्यावर डोक्यात आलं. डेकचा डॉल्बी खटका मी पाहिलाच नव्हता.

मराठीत डॉल्बी म्हटलं की छाती हादरवणारा आवाज डोळ्यांपुढे येतो. कॅसेटवरचं डॉल्बी त्याच्या अगदी विरुद्ध स्वभावाचं. टेपला मुळातच सुसकारा असतो. डॉल्बी बी पद्धतीत भरताना हळू आवाजातले वरचे स्वर वाढवून ठेवतात आणि वाजवताना तेवढेच कमी करतात, त्याबरोबर सुसकाराही दहाएक डेसिबलने खाली जातो. पण ही देवाणघेवाण दोन्हीकडून व्हायला हवी. डॉल्बी न लावता भरलेली टेप डॉल्बी लावून वाजवली, तर न वाढवलेलेच स्वर कापले जातात आणि गोधडी तयार. डेकचा खटका 'ऑन' होता, कित्येक महिने. मी औषध दिलं ते भलत्याच रोगावर.

तिसऱ्या रविवारी खटका बंद केला, रिसीव्हर मोनोवर ठेवला आणि बाजारातली कॅसेट लावून स्क्रू हळूहळू परत फिरवला. मोनोत ऐकायचं कारण, हेड कललेलं असताना डावा-उजवा आवाज एकमेकांच्या किंचित पुढेमागे होतात आणि मिसळताना वरचे स्वर एकमेकांना खातात. स्क्रू नेमक्या जागी आला की सगळं एकदम उघडतं. तीन वेगवेगळ्या छापील कॅसेटवर ताडून पाहिलं. या वेळी स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारी पांढऱ्या रंगाची रेघ ओढली.

यानंतर अण्णांच्या बहुतेक कॅसेट नीट बोलू लागल्या. सहा अजूनही मंद होत्या. त्या त्यांच्या आधीच्या डेकवर भरलेल्या, त्याचं हेड त्याच्या पद्धतीने कललेलं असणार. त्या संगणकात उतरवून घेताना तेवढ्यापुरता स्क्रू हलवला आणि रेघेवर परत आणला.

राहिला प्रश्न चौदा कॅसेटचा. ताईने त्या वेगळ्या पिशवीत भरून ठेवल्या होत्या. लेबलवर अण्णांच्या बारीक अक्षरात, गोल करून, 'डॉ.' असं लिहिलेलं. अण्णांचे एक डॉक्टर स्नेही होते, दोघांत कॅसेटची देवघेव चाले, म्हणून या त्यांच्या असाव्यात आणि त्यांच्या घरी परत द्यायच्या असं ठरलेलं. मी सहज एक लावून पाहिली. आवाज नको इतका धारदार, सुसकारा भरपूर. काही क्षण मलाही उमगलं नाही. मग खटका 'ऑन' केला आणि आवाज जागच्या जागी बसला. दुसरी, तिसरी, तेच. 'डॉ.' म्हणजे डॉक्टर नव्हेत, डॉल्बी. अण्णांनी प्रत्येक कॅसेटवर ती कशी वाजवायची हे लिहून ठेवलं होतं, आम्हीच ते आडनावासारखं वाचत होतो.

उतरवून घेणं

डेक आता नीट वाजत असल्याने त्याचा आवाज संगणकात घेणं सोपं गेलं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ. सर्वात मोठा आवाजही कमाल पातळीच्या सहा डेसिबल खाली राहील असं बेतलं. एवढ्या दर्जाला तासाला एक जीबीच्या आसपास जागा लागते, फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता फाइल लहान करणारा प्रकार) ठेवली की बरीच कमी. सुसकारा काढण्याची सॉफ्टवेअर भाचीला वापरायची होती. मी म्हटलं, कर, पण प्रतीवर. मूळ फाइल जशी आली तशी राहू दे. प्रत्येक लेबलचा फोटो फाइलच्या शेजारी, कारण 'डॉ.'सारख्या खुणा कोण कधी वाचेल सांगता येत नाही.

एक गोष्ट भाऊजींना लागली. त्यांनी काही वर्षांपूर्वी, टिकाऊ म्हणून, अण्णांच्या काही कॅसेट स्वतः सीडीवर जाळून (बर्न करून) ठेवल्या होत्या आणि वर कागदी लेबलं चिकटवली होती. त्यातल्या पाच सीडी आता प्लेअर ओळखतच नाही, दोन मधेच अडकतात. छापील सीडीत खड्डे प्लॅस्टिकमध्येच ठसवलेले असतात. घरी जाळलेल्या सीडीत लेझरने रंगद्रव्याचा थर बदललेला असतो, आणि तो थर ऊन, उष्णता, डिंक यांना वैतागतो. ज्या कॅसेटना म्हातारं म्हणून टाकायचं चाललं होतं, त्या मात्र वाजत होत्या.

डॅक बाकीच्यांपेक्षा जोरात वाजायचा, त्याची पातळी बारा डेसिबल खाली आणून कायमची तिथे ठेवली. जोरात वाजणारं नेहमी सरस वाटतं. भाचीला रेकॉर्डपेक्षा फोन चांगला का वाटत होता त्यात याचाही हात असावा. तिला ते पटलेलं नाही.

विक्री रद्द झाली. वायरलेस स्पीकर मात्र आला, तो स्वयंपाकघरात आहे आणि ताई खूश आहे. रिसीव्हरच्या पाठीवर भाऊजींनी कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्यात, टर्नटेबलच्या ग्राउंडच्या स्क्रूपाशी लाल शाईने: "ही काढू नये."

चौदापैकी तेरा कॅसेट डॉल्बी लावून उतरवल्या. चौदावी राहिली होती, ती गेल्या आठवड्यात भाचीने लावली आणि मला फोन केला. "मामा, ही डॉल्बी लावली तर गोधडीत जाते. न लावता बरोबर वाजते." मी म्हटलं, अण्णा लिहिताना चुकले असतील. फोन तिने स्पीकरजवळ धरला. कुणीतरी संथपणे, घसा खाकरत, रक्तदाब आणि मिठाबद्दल बोलत होतं, आणि मागून अण्णांचा हसल्याचा आवाज आला. बोलणाऱ्याचा आवाज भाऊजींनी लगेच ओळखला. ते डॉक्टरच होते.